शंका-समाधान : परक्या माणसासाठी प्रार्थना

प्रश्न : रोज विरारहून लोकलने कामाला जाते. डब्यात कुणी रडवेलं दिसतं, बाहेर अँब्युलन्सचा भोंगा वाजतो. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही त्याच्यासाठी प्रार्थनेत काय म्हणायचं?

नाव लागतच नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला जकातदार एकाच वाक्यात मोकळा होतो : देवा, मज पाप्यावर दया कर. तेच वाक्य ‘या बाईवर दया कर’ असं वळवलं की झालं. त्यात दिसलेली एक गोष्ट घाला. हातात एक्स-रेचं पाकीट असेल तर ‘हिच्या घरच्या दुखणेकऱ्याला आराम पडू दे’. एका वेळी एकच माणूस. अख्खा डबा प्रार्थनेत घ्यायला गेलं की सगळेच धूसर होतात आणि मन मोबाइलकडे वळतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे तर्क लढवणं. ‘नवरा पीत असणार’, ‘पोरगं नापास झालेलं दिसतंय’ असं मनात सुरू झालं की प्रार्थनेची बघता बघता चहाडी होते. दिसलं तेवढंच देवापुढे ठेवा, उरलेलं त्याला ठाऊक आहे. टक लावून पाहू नका आणि गाडीत डोळे मिटू नका. डोळे मिटून भक्तिभावाने बसायचं आणि समोर गरोदर बाई वसईपासून बोरिवलीपर्यंत उभीच, हे काही खरं नाही. तिघांच्या बाकावर सरकून चौथी सीट द्या, प्रार्थना त्यानंतरही होते.

प्रश्न : सासूबाई सरकारी रुग्णालयात आहेत. शेजारच्या खाटेवरच्या आजींना भेटायला कुणी येत नाही. त्या ख्रिस्ती नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?

मनातल्या मनात करायला कुणाची परवानगी लागत नाही. मोठ्याने, त्यांच्यासमोर करायची तर विचारूनच. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूने त्याला आधी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू (मार्क 10:51). तुम्हीही तिथूनच सुरुवात करा : “आजी, काही हवंय का?” बहुतेक वेळा उत्तर साधं असतं. कोमट पाणी, उशी वर करणं, मुलाला फोन लावून देणं. पाणी किंवा खाणं देण्याआधी मात्र सिस्टरला विचारा. ऑपरेशन असेल तर उपाशी ठेवलेलं असतं, आणि आपला चांगुलपणा त्यांना महागात पडतो.

हे दोन-तीन दिवस झालं, ओळख जमली, की मग : “मी येशूकडे प्रार्थना करते. तुमच्यासाठी केली तर चालेल?” ‘नको’ आलं तर ‘बरं’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशीही तितक्याच मायेने पाणी द्यायचं. नकारानंतर आपलं वागणं बदललं तर आधीची सेवा कशासाठी होती हे आजींना नेमकं कळतं. ‘चालेल’ म्हणाल्या तर त्या सांगतील तेच मागा. शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, अर्ध्या-एक मिनिटात आटपा. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. सलाइनच्या हाताला तर मुळीच शिवू नका. ‘तुम्ही बऱ्या होणारच’ असं वचन देऊ नका, ते द्यायचा अधिकार आपल्याला नाही. ‘आता गोळ्या कशाला’ हे शब्द तर तोंडातून कधीच निघता कामा नयेत. आणि हा उपदेशाचा प्रसंग नव्हे. खाटेवरचं माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याचा फायदा घेऊ नये.

अजून एक. ‘प्रार्थनेसाठी विनंती’ म्हणून त्यांचं नाव, आजार, वॉर्ड नंबर मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची खोड आपल्यात बळावली आहे. फोटोही टाकतात! ‘एका आजारी आजींसाठी प्रार्थना करा’ एवढं पुरे.

प्रश्न : रस्त्यावर अपघात दिसला, पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून पुढे गेलो आणि वाटेत प्रार्थना केली. मन खातं आहे.

खायलाच हवं. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या (समॅरिटनच्या) दाखल्यात, म्हणजे बोधकथेत (लूक 10), लुटारूंनी जखमी केलेल्या अनोळखी वाटसरूला हा परका माणूस मदत करतो. त्याने प्रार्थना केल्याचा उल्लेखच नाही. तेल-द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, रात्रभर उतारशाळेत सांभाळ केला आणि दोन दिनार मोजले. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी.

पोलिसांची भीती आता बाळगू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134अ हे कलम आलं आणि मदतकर्त्याला संरक्षण मिळालं. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. या तरतुदीला ‘गुड समॅरिटन’ म्हणतात, म्हणजे नाव याच दाखल्यातलं! पुढच्या वेळी क्रम असा : आधी अँब्युलन्ससाठी 108 लावा आणि जवळची खूण सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून पाहू नका. मान वाकवू नका, ओढाताण करू नका, तोंडात पाणी घालू नका. अँब्युलन्स येईपर्यंत हात कापडावर असतो आणि तोंड मोकळं असतं, तेव्हा प्रार्थना करा.

प्रश्न : रविवारच्या मिस्सासाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) श्रद्धावंतांच्या प्रार्थना, म्हणजे सगळ्यांनी मिळून इतरांसाठी करायच्या विनंत्या, लिहायच्या आहेत. बाहेरच्यांसाठी किती जागा द्यावी?

नेहमीचा क्रम ठरलेला आहे : ख्रिस्तसभा, राज्यकर्ते व सारं जग, संकटात असलेले, शेवटी आपली धर्मग्रामसभा (आपल्या चर्चचा स्थानिक समुदाय). म्हणजे बाहेरचे आपल्याआधी येतात. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) 10 प्रार्थनांत तर ख्रिस्तावर आणि देवावर विश्वास नसलेल्यांसाठीही वेगवेगळ्या प्रार्थना आहेत. चार-पाच हेतू, प्रत्येकी दोन ओळी ठेवा. देवाला बातम्या वाचून दाखवू नका आणि प्रार्थनेआडून शेजाऱ्याला टोमणा मारू नका. ‘बेकारांसाठी’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘पगार थकलेल्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी’ लिहा. कागद शनिवारीच फादरांना दाखवा आणि वाचणाऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, लांबलेलं वाक्य तिथेच अडखळतं.