उत्पत्तीपासून नको, लाखीशपासून सुरू कर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. बायबल पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, रोज तीन अध्याय वाचायचं, असा तुझा बेत आहे म्हणे. मीही तसंच केलं होतं. लेवीय या यज्ञविधींच्या पुस्तकात पोचले आणि बैलाच्या चरबीत अशी अडकले, की वही वर्षभर उघडलीच नाही. तू सरळ मधे घुस. बायबलातलंच '२ राजे' हे पुस्तक, अध्याय १८ उघड.

साल इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आलाय, त्याची राजधानी यरुशलेम, तिथं हिज्कीया राजा. चौदाव्या वचनात हिज्कीया नमतो. लाखीश या यहूदाच्या तटबंदीच्या नगरात सन्हेरीबाला 'चुकलो' असा निरोप धाडतो आणि ३०० किक्कार (हे तेव्हाचं मोठं वजन) चांदी, ३० किक्कार सोनं खंडणी भरायला मंदिराच्या दारांवरचा पत्रासुद्धा उचकटतो. आता हीच हकिकत यशयाच्या ३६ व्या अध्यायात वाच. जवळजवळ शब्दाला शब्द तीच, पण खंडणीची तीन वचनं गायब! दोन्ही पानं शेजारी ठेव. ती का नसावीत, हे मला विचारण्याआधी स्वतः पानभर लिही.

मग सन्हेरीबाची बाजू ऐक. मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभावर त्यानं लिहवून ठेवलंय: तटबंदीची ४६ नगरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. सोनं तिथंही ३० च, चांदी मात्र ८००. यरुशलेम घेतलं असं मात्र तो कुठंच म्हणत नाही. अश्शूरची राजधानी निनवे, तिथल्या महालात त्यानं भिंतीभर कोरला तो लाखीशचा वेढा. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० मेले, हे बायबल सांगतं. त्यावर सन्हेरीब गप्प. म्हणून लगेच कुणाला खोटं पाडायला धावू नकोस. कोण काय गाळतो, तेवढं टिपत जा.

मला सगळ्यात जिवंत वाटतं ते २ राजेच्या त्याच अध्यायातलं सव्विसावं वचन. अश्शूरचा सरदार तटाखाली उभा राहून हिब्रूत धमक्या देतोय. हिज्कीयाचे दरबारी काकुळतीला येतात: अहो, अरामी बोला, आम्हाला कळतं; तटावरची माणसं ऐकताहेत! तो आणखीनच मोठ्यानं ओरडतो, तेही हिब्रूतच. अरामी तेव्हा राजकारणाची भाषा, तटावरच्या शिपायाला ती कुठली यायला? तारखांच्या तक्त्यात हे सापडायचं नाही.

मूळ हिब्रू वाचायला लिपीची धास्ती नको. तू मोडी वाचतेस, ऱ्हस्व-दीर्घ अंदाजानं लावायची सवय तुला आहेच. इथं तर मुळात स्वरचिन्हंच नव्हती. टिंबं-रेघा कितीतरी शतकांनी आल्या. द-व-र ही तीन अक्षरं 'दावार' वाचली तर शब्द, 'देवेर' वाचली तर मरीची साथ. पंडिता रमाबाई केडगावात मुक्तिसदनाचा व्याप सांभाळून हिब्रू शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. तुला तर फक्त नोकरी आहे.

पानभर लिहिलंस की टपालानं पाठव. फोनवरच्या फोटोतलं अक्षर मला आता लागत नाही.

तुझी,
बाई