विमानावरचं ‘व्हीटी’ आणि मेसेजमधलं ‘एसटीडी’

प्रश्न असा : कुर्ल्यात गच्चीवरून विमानं उतरताना पाहिली की पंखाखाली ‘व्हीटी’ लिहिलेलं दिसतं, त्याचा आपल्या व्हीटी स्टेशनशी काही संबंध? आणि विमान कंपनीच्या मेसेजमधले एसटीडी, ईटीडी, बीओएम म्हणजे काय?

स्टेशनशी संबंध शून्य. ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असा विस्तारही छातीठोकपणे सांगितला जातो, पण मला ती मागाहून चिकटवलेली गोष्ट वाटते. रेडिओ संदेशांसाठी प्रत्येक देशाला अक्षरांच्या मालिका वाटून दिल्या आहेत. भारताकडे ज्या आहेत त्यांतली एक व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड. विमानावरचं देशाचं चिन्ह अशा मालिकेतूनच घ्यायचं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे व्हीटी हा संक्षेप नव्हेच, नुसती खूण आहे. अमेरिकन विमानांवर ‘एन’ असतो, तोही काही अमेरिकेचं आद्याक्षर नाही. व्हीटीनंतर आडवी रेघ आणि पुढे तीन अक्षरं, ती त्या एका विमानाची.

एसटीडी मात्र खराखुरा संक्षेप : शेड्यूल्ड टाइम ऑफ डिपार्चर, वेळापत्रकातली सुटण्याची वेळ. (पीसीओच्या रांगेत उभं राहिलेल्या पिढीला आधी फोनच आठवणार.) ईटीडीतला ‘ई’ एस्टिमेटेडचा, म्हणजे अंदाजाचा. एसटीडी १८:१० आणि ईटीडी १९:२५ दिसलं, तर सव्वा तास उशीर धरून चाला. शेवटी ‘डी’ऐवजी ‘ए’ आला की वेळ पोहोचण्याची. ‘ईटीए टाइम काय?’ असं सगळेच विचारतात. ‘टी’ म्हणजेच टाइम, तेव्हा नुसतं ‘ईटीए काय?’ पुरे. पीएनआर रेल्वेमुळे पाठ आहेच : पॅसेंजर नेम रेकॉर्ड.

बीओएम ही मुंबई विमानतळाची खूण, बॉम्बेवरून घेतलेली. १९९५ साली शहराचं नाव बदललं, सांकेतिक अक्षरं तीच राहिली. सामानाच्या पट्टीवर ही तीन अक्षरं असतात. वैमानिकाच्या कागदांत मात्र त्याच विमानतळाला चार अक्षरं, व्हीएबीबी. पहिली दोन पश्चिम भारताची, म्हणून पुणे व्हीएपीओ आणि नागपूर व्हीएएनपी. उलव्यातल्या नवी मुंबई विमानतळाची तीन अक्षरं एनएमआय. तिकीट काढताना बीओएम आहे की एनएमआय, हे बघून मगच पैसे भरा. अंधेरीहून निघणाऱ्याला उलवे काही जवळ नाही.