दृष्टान्त दिला की दृष्टान्त झाला?

प्रश्न असा आहे: "अलौकिक दर्शनं, स्वप्नं आणि गोष्ट सांगण्याची ताकद या विषयावरच्या काही पुस्तकांचा परिचय लिहितो आहे. 'व्हिजन'साठी मी सगळीकडे 'दृष्टान्त' लिहिलं. मैत्रिणीनं वाचलं आणि म्हणाली, दृष्टान्त म्हणजे दाखला, कीर्तनकार देतात तो. तुला 'साक्षात्कार' म्हणायचं असेल. कोण बरोबर? आणि 'स्टोरीटेलिंग'ला कथाकथन म्हटलं तर चालेल का?"

मैत्रीण बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात. मराठीत दृष्टान्त शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत आणि दोन्ही आजही जिवंत आहेत. 'बुवांनी कासवाच्या पिल्लांचा दृष्टान्त दिला' हेही मराठी, आणि 'देवीनं तिला स्वप्नात दृष्टान्त दिला' हेही मराठी. तुमचा विषय पाहिला तर तुम्ही नकळत नेमक्या शब्दावर बोट ठेवलं आहे, कारण डोळ्यांपुढे उभं राहिलेलं काहीतरी आणि समजावण्यासाठी सांगितलेली गोष्ट, या दोन्हींना एकच नाव देणारा हा शब्द आहे. तरीही तो सगळीकडे लावू नका. का, ते सांगतो.

आधी जुना अर्थ. दृष्ट आणि अन्त मिळून दृष्टान्त. यातला 'अन्त' म्हणजे नुसता शेवट नव्हे. सिद्धान्तात आहे तसाच तो इथेही निश्चयाच्या, निकालाच्या अर्थानं येतो. ज्याचा निकाल पाहण्यानं लागलेला आहे, तो दृष्टान्त. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, सोळा पदार्थांच्या (विचाराच्या विषयांच्या) यादीत हा पाचवा आहे, आणि त्याची व्याख्या मला फार आवडते: 'लौकिकपरीक्षकाणां यस्मिन्नर्थे बुद्धिसाम्यं स दृष्टान्तः'. साधा माणूस आणि शास्त्राची परीक्षा करणारा, या दोघांची बुद्धी ज्या गोष्टीवर सारखी ठरते, तो दृष्टान्त. डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथे आग आहे, हे पटवायचं तर स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचं. चुलीचा धूर पंडितानंही पाहिलेला असतो आणि ज्यानं एकही ग्रंथ उघडला नाही त्यानंही. न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत दिसणाऱ्या गोष्टीवरून जायचं, ही या शब्दाची मूळ चाल. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेत भेटतो तो दृष्टान्त अलंकार. तुकोबांचं 'लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा' सगळ्यांना पाठ असतं. मुंगीला साखर आणि ऐरावताला अंकुशाचा मार. 'जसं', 'सारखं' असे शब्द न वापरता दोन चित्रं समोरासमोर ठेवली आहेत. त्यावर अधिक बोलायला नको.

मराठीत मात्र हा शब्द तर्कशास्त्रातून आणि अलंकारातून बाहेर पडून गोष्टीच्या घरात राहायला आला, तो फार लवकर. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निरूपण करताना ज्या छोट्या गोष्टी सांगत, त्या पंथातल्याच केसोबासांनी 'दृष्टान्तपाठ' या ग्रंथात गोळा केल्या. असे 114 दृष्टान्त त्यात आहेत. मांडणीचे तीन भाग आहेत: आधी चक्रधरांचं सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे गोष्ट, आणि मग दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागते ते. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. ती वाचताना एक जाणवतं. सूत्र एका ओळीचं असतं, कोरडं असतं, आणि पुस्तक मिटल्यावर ते आठवत नाही, हत्ती आठवतो. हत्तीच्या पायाला मिठी मारून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि मग त्याच्या मागून सूत्र आपोआप येतं. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पिढीतलं हे पुस्तक आहे, आणि ते गोष्टीच्या ताकदीवर उभं आहे.

आता दुसरा अर्थ. स्वप्नात किंवा अर्धवट जागेपणी देव, गुरू, पूर्वज समोर येतो, काही सांगतो किंवा मागतो, त्याला मराठीत दृष्टान्त म्हणतात. संस्कृतात दृष्टान्ताचा हा अर्थ नाही. हिंदी वाचकासमोरही 'दृष्टांत' टाकलात तर तो उदाहरणच समजेल. तुमच्या मैत्रिणीला जो अर्थ ठाऊक आहे, तो शास्त्रातून आलेला. तुम्ही वापरला तो घराघरांतल्या सांगण्यातून आलेला. तो अशुद्ध किंवा गावठी समजून खोडू नका.

दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, तरी बोलताना घोटाळा होत नाही, कारण क्रियापदं पहारा देतात. दाखल्याचा दृष्टान्त 'देतात', 'घेतात', तो 'लागू पडतो'. स्वप्नातला दृष्टान्त 'देतात', पण मुख्यतः तो 'होतो'. बोधकथा कुणाला 'झाली' असं आपण म्हणत नाही, आणि देवीचा दृष्टान्त 'लागू पडला' असंही म्हणत नाही. तो 'खरा ठरला' म्हणतो. 'दिला' मात्र दोन्हीकडे चालतो. तिथे आधीचा शब्द पाहायचा. 'कासवाच्या पिल्लांचा दृष्टान्त दिला' यात 'चा' आहे, कशाचा ते सांगितलं आहे. 'तिला दृष्टान्त दिला' यात 'ला' आहे, कुणाला ते सांगितलं आहे, आणि त्याच्या मागोमाग बहुधा 'की' येतो: दृष्टान्त दिला की अमुक कर, अमुक ठिकाणी खण, अमुक बाहेर काढ.

त्या 'की'मध्येच दृष्टान्ताचं मर्म आहे. माझी आजी स्वप्न आणि दृष्टान्त यांत कधी गल्लत करायची नाही. स्वप्न 'पडायचं', ती ते सकाळी सांगायची आणि विसरून जायची. दृष्टान्त 'व्हायचा', आणि मग सांगून झाल्यावर ती कामाला लागायची. स्वप्नाला देणारा नसतो, दृष्टान्ताला असतो. देणारा, घेणारा आणि सांगावा ही तिन्ही असतील तरच मराठी कान त्याला दृष्टान्त म्हणतो. मराठी बायबलात योएल संदेष्ट्याचं एक वचन आहे, त्यात हा फरक एकाच वाक्यात दिसतो: वृद्धांना स्वप्नं पडतील आणि तरुणांना दृष्टान्त होतील. मराठी ख्रिस्ती परंपरेनं तर हे दोन अर्थ दोन शब्दांत वाटूनच टाकले. येशूनं सांगितलेल्या गोष्टी ते 'दाखले', आणि संदेष्ट्यांना दिसलं ते 'दृष्टान्त'. (दाखला हा शब्द दाखवण्यावरून आला असावा असं वाटतं खरं, पण तो 'दाखल'च्या कुळातला, अरबी-फारसीतून आलेला आहे.)

संतांच्या स्वप्नांबद्दल बोलताना आपण सहज 'तुकोबांना दृष्टान्त झाला' म्हणतो. मूळ ओळींत काय आहे ते जवळून पाहू:

नामदेवें केलें स्वप्नामाजीं जागें ।
सवें पांडुरंगें येऊनियां ॥
सांगितलें काम करावें कवित्व ।
वाउगें निमित्य बोलों नको ॥

इथे शब्द 'स्वप्न' आहे, पण घाट पूर्ण दृष्टान्ताचा आहे. देणारा आहे, घेणारा आहे, सांगावा आहे. 'स्वप्नामाजीं जागें' हे दोन शब्द पुन्हा वाचा. स्वप्नातून जागं केलं असं ते म्हणत नाहीत, स्वप्नात जागं केलं म्हणतात. आणि पुढे विठ्ठल पाठीवर थापटून सावध करतो, शतकोटी अभंगांचा आकडा सांगतो आणि उरलेले तुक्याला लावून देतो. स्वप्नात मोजमाप आहे, हिशेब आहे, आणि काम नेमून दिलं आहे. ते काम कोणतं, तर सांगण्याचं. गुरूपदेशाच्या अभंगातही असंच. मस्तकावर हात ठेवणारे, 'रामकृष्णहरि' मंत्र देणारे बाबाजी स्वप्नातच जेवायला पावशेर तूप मागतात, आणि तुकोबांना त्याचा विसर पडतो. हे पावशेर तूप मला त्या अभंगातलं सर्वांत खरं वाटतं. रचून सांगणाऱ्याला ते सुचलं नसतं.

एकनाथांचंही पाहा: 'श्रीज्ञानदेवें येऊनि स्वप्नांत । सांगितली मात मजलागीं'. मात म्हणजे गोष्ट, हकिकत. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागते आहे, आळंदीला येऊन ती काढ, असा तो सांगावा. दिसणं आणि सांगणं एकाच ओळीत आलं आहे.

तर दोन अर्थ एका शब्दात का आले असावेत? माझं मत असं. न्यायशास्त्रात जे स्वयंपाकघर करतं, तेच स्वप्नातला देव करतो. जे दिसत नाही, ज्यावर एरवी विश्वास बसणार नाही, ते तो दिसणाऱ्या रूपात समोर ठेवतो. आणि दृष्टान्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी तो गावाला सांगतो, तेव्हा त्याचा पहिल्या अर्थानंही दृष्टान्त होतो, इतरांना पटवणारी गोष्ट होतो. कुणालाही न सांगितलेला दृष्टान्त या शब्दाच्या वापरात जवळजवळ सापडत नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त यांचे गुरू भट्टतौत यांनी कवीबद्दल हेच म्हटलं आहे, आणि पुढच्या काळातल्या हेमचंद्र या जैन पंडितानं त्यांचे श्लोक आपल्या ग्रंथात जपून ठेवले आहेत: 'दर्शनाद्वर्णनाच्चाथ रूढा लोके कविश्रुतिः'. दर्शन आणि वर्णन दोन्ही असेल तर लोक कवी म्हणतात. आदिकवी वाल्मीकींचं दर्शन स्वच्छ आणि नित्य होतं, पण वर्णन झालं नाही तोवर कविता उगवली नाही, असं ते पुढे सांगतात.

आता तुमच्या परिचयातल्या शब्दांकडे. संदेश किंवा आज्ञा घेऊन कुणी समोर येत असेल तिथे 'दृष्टान्त' बिनधास्त ठेवा. नुसतं रूप दिसतं, कुणी काही मागत नाही, तिथे 'दर्शन'. अर्जुनाला विश्वरूपदर्शन होतं, विश्वरूपदृष्टान्त नाही. पाहण्याची शक्ती म्हणायची असेल तर 'दिव्यदृष्टी'. संजयाला ती मिळाली, आणि त्याचं पुढचं सगळं काम आंधळ्या राजाला सांगत राहण्याचं होतं. 'साक्षात्कार' मी जपून वापरीन. त्यात मधला पडदा गळून थेट अनुभव येणं अपेक्षित आहे, चित्र दिसणं नव्हे. शिवाय रोजच्या बोलण्यात 'मला अचानक साक्षात्कार झाला' इतका स्वस्त झाला आहे की गंभीर मजकुरात तो डगमगतो. आजारपणात किंवा तापात दिसलेल्याला 'भास' म्हणा, पण पुस्तकातलं पात्र त्यावर विश्वास ठेवत असेल तर म्हणू नका, कारण 'भास' म्हटलं की लेखकाच्या आधी तुम्हीच निकाल दिलात. आणि संस्थांच्या कागदांतलं 'व्हिजन' या कुळातलं नाही. तिथे 'ध्येयदृष्टी' किंवा 'दूरदृष्टी'.

दोन्ही अर्थांनी दृष्टान्त म्हणता येईल असं एक पुस्तक मराठीत जुनं आहे. जॉन बन्यननं 1678 साली स्वप्नात पाहिलेला प्रवास म्हणून एक रूपककथा लिहिली. हरि केशवजींनी ती 'यात्रिकक्रमण' नावानं 1841 मध्ये मराठीत आणली. स्वप्न म्हणून सुरू होतं आणि पानोपानी दाखला म्हणून उलगडतं. तुमच्या यादीत ते नसेल तर घाला.

राहिलं 'स्टोरीटेलिंग'. 'कथाकथन' म्हटलं की मराठी वाचकाला मंच, ध्वनिक्षेपक आणि समोरचा श्रोतृवर्ग दिसतो. तो एक स्वतंत्र प्रयोगप्रकार आहे आणि त्याला ते नाव शोभतं. पुस्तकाच्या संदर्भात 'कथन' पुरेसं आहे, आणि 'गोष्ट सांगणं' त्याहून चांगलं. तुमचं वाक्य आहे: 'हे पुस्तक दृष्टान्त आणि कथाकथनाच्या सामर्थ्याविषयी भाष्य करते.' मी असं लिहिलं असतं: 'एका बाईला काहीतरी दिसतं, ती ते गावाला सांगते, आणि सांगितल्यावर गाव पहिल्यासारखं राहत नाही.' पात्रं आणि गाव तुमच्या पुस्तकाप्रमाणे बदलून घ्या.