‘मी दार उघडतो’ की ‘माझं पात्र दार उघडतं’?

प्रश्न असा आहे की टेबलटॉप रोलप्लेइंग (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यायची आणि बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची असा खेळ) नुकतं सुरू केलेला एक ग्रुप खेळताना मराठीतच बोलतो, आणि त्यांच्यात वाद झालाय, आपल्या कॅरॅक्टरबद्दल बोलताना ‘मी’ म्हणायचं की ‘माझं पात्र’, आणि मुलाने जादूगारीण घेतली असेल तर तो ‘मी मंत्र म्हणतो’ म्हणेल की ‘म्हणते’?

पहिल्या भागाचं उत्तर सोपंय, दोन्ही चालतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच एका खेळाच्या २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्येही, म्हणजे खेळाडूंसाठीच्या नियमांच्या पुस्तकात, दोन्ही पद्धती दिल्यात, बाहेरून वर्णन करायची आणि थेट पात्राच्या तोंडून बोलायची. मी स्वतः ‘मी’वाला आहे. ‘माझं पात्र पळतं’ ऐकलं की मला नदीचं पात्रच डोळ्यासमोर येतं, त्यापेक्षा कॅरॅक्टरचं नाव घ्या, ‘रुद्र पळतो’ म्हणा, कानाला बरं वाटतं.

पण हा ‘मी’ आला कुठून हे मजेशीर आहे. हा खेळ निघाला वॉरगेममधून, म्हणजे टेबलावर लढाया खेळायच्या खेळातून, आणि तिथे माणूस सैन्य चालवतो, म्हणजे ‘माझी तुकडी टेकडीवर चढते’ असंच बोलणार ना. मग १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला, नाव ब्राउनस्टाइन, त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी गावातली एकेक व्यक्ती दिली. तो खेळलेल्या डेव्ह आर्नसनने पुढे ब्लॅकमूर नावाचा स्वतःचा खेळ सुरू केला आणि १९७४ मध्ये आर्नसन आणि गॅरी गायगॅक्स यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं, तीन पातळ पुस्तिकांचा एक डबा. त्यातल्या नमुना संवादात मात्र ‘मी’पेक्षा ‘आम्ही’चा थाट जास्त आहे कारण सगळ्या पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटाच्या, वतीने एकच जण बोलतो, त्याला कॉलर म्हणायचे, आणि समोर रेफ्री, म्हणजे खेळ चालवणारा आणि बाकी सगळ्या पात्रांच्या तोंडून बोलणारा (डंजन मास्टर किंवा डीएम हे नाव नंतरचं).

आणि इथे मराठीची खरी गंमत सुरू होते. मी पहिल्यांदा खेळायला बसलो तेव्हा नियम काही कळत नव्हते, वीस बाजूंचा फासा हातात घेऊन नुसता फिरवत बसलो होतो, पण एक गोष्ट लगेच लक्षात आली की आमचा डीएम आमच्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’कडे कान लावून बसलाय. ‘आपण डावीकडे जाऊ’ म्हणजे आमची आपापसातली कुजबुज, तो गप्प. ‘आम्ही डावीकडे जातो’ म्हटलं की झालं, ते त्याला सांगितलंय, तो लगेच नकाशात बघणार. इंग्रजीत दोन्हीला ‘वुई’च, म्हणून तिथे ‘अरे आम्ही नुसतं बोलत होतो, गेलो नव्हतो!’ अशी भांडणं होतात. आपल्याकडे ऐकणारा धरून आणि ऐकणारा सोडून असे दोन वेगळे शब्द तयारच आहेत, वापरा की!

तसंच काळाचं. ‘मी खड्ड्यावरून उडी मारतो’ हा दिसायला वर्तमानकाळ असला तरी बोलण्यात तो इरादा असतो, ‘बरं, मी निघतो’ म्हणतो तसा. ‘उडी मारली’ हे झालेलं काम, ते फासा पडल्यावर डीएमने सांगायचं. नवीन लोक हमखास ‘मी त्याचं मुंडकं उडवलं’ म्हणून मोकळे होतात आणि मग फाशावर पडतात वीसपैकी तीन. -तो खेळाडूचा, -ला डीएमचा, एवढी वाटणी केली तरी अर्धा गोंधळ संपतो. हुकूम ऐकवणाऱ्या राजाचा ‘आम्ही’ वेगळा, तो डीएमच्याच तोंडी शोभतो, आणि पहारेकरी तुम्हाला ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’ यावरून त्याला तुमची किती भीती आहे ते न सांगता कळतं.

आता जादूगारीण. माझं मत, सरळ ‘मी मंत्र म्हणते’ म्हणा. पहिल्या वेळी सगळे हसतील, नंतर कोणी लक्षही देत नाही, आणि फायदा असा की ‘म्हणते’ आलं की कॅरॅक्टर बोलतेय आणि ‘मी जरा पाणी पिऊन येतो’ आलं की माणूस बोलतोय, वेगळं सांगावं लागत नाही. उलट बाईने पुरुष योद्धा घेतला तरी हेच. पण लक्षात घ्या, ही सोय भूतकाळात गळते. ‘मी गुहेत गेले’ ठीक आहे, पण ‘मी मंत्र म्हटला’ यात क्रियापद मंत्राप्रमाणे चालतं, म्हणणारी बाई की बुवा ते त्याला माहीतच नाही. ‘मी तलवार काढली’ तर पुरुषही म्हणतो आणि बाईही. म्हणजे सकर्मक भूतकाळात मराठीला बहुतेक वेळा कर्त्याचं लिंग दिसत नाही (‘मी पाणी प्यायले’सारखे थोडे अपवाद सोडून), आणि खेळाच्या टेबलावर ते पटकन जाणवतं, व्याकरणाच्या तासाला मला कधी जाणवलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नात नाही पण पुढे नक्की येईल असा एक पेच सांगून ठेवतो, मंत्राने जिवंत झालेला दगडी पुतळा घेतला तर? तो धड ‘तो’ नाही, ‘ती’ नाही, आणि ‘मी’बरोबर नपुंसकलिंगी रूप आपण बोलतच नाही, ‘मी चालतं’ कोण म्हणणार. आमच्यातल्या एकाने यावर शक्कल काढली, सगळं सकर्मक भूतकाळातच बोलायचं, ‘मी दगड उचलला’, ‘मी दार तोडलं’, लिंगाचा प्रश्नच नाही. व्याकरण एकदम चोख, पण डीएम वैतागला, दर वाक्याला म्हणायचा की तोडलं की नाही ते तू कोण ठरवणार, आधी फासा टाक.