ऑपरेशनआधी कॉम्प्युटरवर ऑपरेशन करून बघण्याचा खरंच उपयोग होतो का?

तुमच्या भावाच्या खुब्याची वाटी अपघातात मोडली आहे, डॉक्टर आधी कॉम्प्युटरवर ऑपरेशन करून बघू म्हणताहेत आणि त्यासाठी वेगळा खर्च करावा का, असं तुम्ही विचारलंय. मी सर्जन नाही, सीटी स्कॅनवरून अशी मॉडेल्स बनवणारा इंजिनिअर आहे. वाटीचे तीन-चार तुकडे झाले असतील तर जरूर करा.

वाटी खूप खोल असते, भोवती मोठ्या रक्तवाहिन्या. ऑपरेशनच्या वेळी सर्जनला हाडाचा थोडाच भाग उघडा दिसतो. कॉम्प्युटरवर प्रत्येक तुकडा सुटा करून, फिरवून जागेवर बसवून बघता येतो. दुसऱ्या बाजूची धड वाटी आरशातल्यासारखी उलटवली की मूळ आकार मिळतो. त्या आकाराचं प्लास्टिकचं हाड प्रिंट करून सर्जन आदल्या दिवशीच त्यावर तुकडे धरून ठेवणारी धातूची प्लेट वाकवून ठेवतात. नाहीतर हीच प्लेट पेशंट भुलीखाली असताना लावून बघायची, काढायची, पुन्हा वाकवायची.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो सांध्याच्या फटीत. ती जेमतेम काही मिलिमीटरची. स्कॅनचे काप, म्हणजे शरीराच्या एकामागोमाग एक आडव्या छेदांची चित्रं, जाड असले की मांडीच्या हाडाचा गोळा आणि वाटी हे एकच हाड आहे असं सॉफ्टवेअर धरून चालतं. मग एकेक काप उघडून कड हाताने आखायची. एकदा ५ मिमी कापांचा स्कॅन आला. तुकड्यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या, भेग कुठे संपते तेच कळेना. त्यावर मॉडेल करायला मी नाही म्हटलं. नशिबाने स्कॅन सेंटरकडे मूळ डेटा होता, त्यातून १ मिमीचे काप काढून मिळाले. म्हणून नुसती फिल्म घेऊ नका, आजच पातळ कापांच्या डायकॉम फाइलींची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलींची) सीडी मागून घ्या. हे ऑपरेशन सहसा पहिल्या दोन आठवड्यांत करतात, हातात दिवस कमी असतात.

प्लेट किती भार झेलेल, हे मात्र या मॉडेलमधून कळत नाही. ते गणित वेगळं. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यात सेन्सर बसवून मोजलंय: चालताना सांध्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, अडखळल्यावर आठ पटींहूनही जास्त. त्यामुळे स्क्रीनवर हाड कितीही छान जुळलेलं दिसलं तरी सर्जन सांगतील तोवर भावाला त्या पायावर भार देऊ देऊ नका.