‘बघा मग काय ते’ म्हणजे होकार का?

कांदिवलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. छोटी हॅचबॅक, सहा वर्षं जुनी, ४१ हजार किलोमीटर चाललेली. गणपतीला मालवणला जाऊन आल्यापासून ब्रेक दाबला की पुढून किर्र आवाज येऊ लागला. दीड महिन्याने त्यांनी गाडी गोरेगावच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. जॉबकार्डवर अंदाज लिहून मिळाला: सर्व्हिसिंग ५,२०० रुपये, पुढचे ब्रेक पॅड मजुरीसकट २,४०० रुपये, एकूण ७,६००. दुपारी तास चालू असताना सल्लागाराचा फोन आला, “मॅडम, डिस्कला खाचा पडल्यात, बदलाव्या लागतील.” यांनी उत्तर दिलं, “बघा मग काय ते, मी वर्गात आहे.” संध्याकाळी बिल झालं १६,४८० रुपये. वरचे ८,८८० असे: दोन डिस्क ५,३००, डिस्क बसवण्याची मजुरी १,४००, कॅलिपर सफाई ६५०, ब्रेक ऑइल ७८०, ब्रेक क्लीनर स्प्रे ७५०. (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला चिमटतात; कॅलिपर म्हणजे पॅड धरून दाबणारा भाग.) त्यांनी पैसे द्यायला नकार दिला. गाडी तीन दिवस तिथेच आहे आणि आता रोजचे ३०० रुपये पार्किंग लागेल, असा निरोप आला आहे. त्या विचारतात: घरची दुसरी किल्ली नेऊन गाडी काढून आणू का? पोलिसात जाऊ का? आणि ८,८८० रुपये भरायचे का?

आधी किल्लीचं सांगतो, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही गोरेगावला पोहोचलेल्या असाल अशी भीती वाटते. जाऊ नका. गाडी तुमची, नावावर तुमच्या, तरीही तो चोरीचा गुन्हा ठरू शकतो. जुन्या दंडसंहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाचं उदाहरण होतं: घड्याळ दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, दुरुस्त करणाऱ्याने त्या पैशांपोटी घड्याळ कायदेशीरपणे ठेवून घेतलं आहे, आणि मालकाने ते तारण बुडवण्याच्या हेतूने उचलून नेलं, तर ती चोरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये ते घड्याळ अजून टिकटिकतं आहे.

सर्व्हिस सेंटरला गाडी अडवता येते ती करार कायद्याच्या कलम १७० मुळे. वस्तूवर कष्ट किंवा कसब खर्च करणाऱ्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क आहे. त्याला धारणाधिकार म्हणतात. मात्र शब्द ‘योग्य मोबदला’ असा आहे, मनात येईल तो आकडा नव्हे. आणि स्वतःच्या वसुलीसाठी गाडी अडवून ठेवायची, वर जागेचं भाडंही मागायचं, हे या हक्कात बसत नाही. जॉबकार्डवर पार्किंगची अट छापलेली आहे का, तेवढं मात्र पाहून घ्या. पोलिसांचं थोडक्यात: हा दिवाणी वाद आहे, चौकीवर तुम्हाला हेच सांगतील.

आता मुद्द्याचं. ‘बघा मग काय ते.’ आपल्याकडे हे वाक्य दुधीच्या भाजीपासून मुलीच्या स्थळापर्यंत कुठेही चालतं आणि त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या सुरात असतो. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असाही अर्थ निघतो आणि ‘आत्ता नको, नंतर बोलू’ असाही. सेंटरचे वकील पहिला अर्थ धरतील, तुम्ही दुसरा. करार कायद्याचं कलम १३ म्हणतं की संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणं. मग विचारायचं ते हे: फोनवर आकडा सांगितला होता का? तुमच्या कॉल लॉगमध्ये तो फोन ३८ सेकंदांचा दिसतो, असं तुम्ही लिहिलं आहे. ३८ सेकंदांत नमस्कार, खाचा आणि तुमचं उत्तर एवढंच मावलं असणार. मूळ अंदाजाच्या दुपटीहून मोठ्या बिलाला किंमत न ऐकता कोणी होकार देत नाही, हे ग्राहक आयोगासमोर पटण्यासारखं आहे. सेंटरचे फोन रेकॉर्ड होत असतील तर ते रेकॉर्डिंग आजच लेखी मागा. व्हॉट्सअॅपवर आपोआप मेसेज पुसण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा.

पण तुमच्या बाजूने लिहिताना एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आवाज दीड महिना येत होता, हे तुम्हीच लिहिलं आहे. पॅड झिजत आले की बऱ्याच गाड्यांत एक छोटी पत्री डिस्कला घासून मुद्दाम किर्र वाजते. ती सूचना असते. ती ऐकूनही गाडी चालवत राहिलं की पॅडचं अस्तर संपतं आणि मागचं लोखंड डिस्कवर घासून खाचा पाडतं. म्हणजे डिस्क खरंच गेल्या असतील, अशी शक्यता आहे. आणि तसं असेल तर करार कायद्याचं कलम ७० तुमच्या आड येतं: कोणी फुकट करण्याचा इरादा नसताना तुमच्यासाठी कायदेशीरपणे काम केलं आणि त्याचा फायदा तुम्ही घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. नव्या डिस्क तुमच्या गाडीला लागल्या आहेत, त्यांवरच तुम्ही ब्रेक दाबणार आहात. ‘विचारलं नाही, म्हणून एक पैसा देणार नाही’ ही भूमिका घेतलीत तर मी तुमच्याकडून उभा राहणार नाही.

डिस्क खरंच गेल्या होत्या का, हे जुन्या डिस्कच सांगतील. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर बहुधा किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, मिलिमीटरमध्ये. जाडी मोजायचा व्हर्नियर लावायचा. बाहेरची कड झिजत नाही, त्यामुळे मोजमाप पॅड घासतो त्या पट्ट्यात, तीन-चार जागी घ्यायचं. जाडी किमान आकड्याहून बरीच जास्त आणि खाचा नखाला जेमतेम लागण्याइतक्या असतील, तर लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, काम भागलं असतं किंवा तेही लागलं नसतं. जाडी कमी भरली, तर डिस्कचे ५,३०० रुपये विसरा. दोन्ही बाजूंच्या एकदम बदलल्या म्हणून भांडू नका, एका धुरीवरच्या डिस्क जोडीनेच बदलतात. आणि ‘गंजल्या होत्या’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. मुंबईच्या पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर येतोच, चार वेळा ब्रेक मारला की जातो.

जुने सुटे भाग तुमच्या मालकीचे आहेत. बिलात त्यांची वजावट दाखवलेली नसेल तर ते परत मिळायलाच हवेत. ‘भंगारात गेले’ हे उत्तर आलं तर ते लेखी घ्या. पुरावा त्यांच्या हातून गेला, ही गोष्ट मग त्यांच्याविरुद्ध जाते.

बाकीच्या ३,५८० रुपयांत मला तुमच्या बाजूने जास्त जोर दिसतो. डिस्क काढायची तर आधी कॅलिपर आणि पॅड काढावेच लागतात. पॅड बदलायची मजुरी अंदाजातल्या २,४०० मध्ये धरलेली आहे, मग त्याच नट-बोल्टांसाठी वर १,४०० कसले? फार तर थोडी जादा मजुरी. कॅलिपर सुटलेला असताना तो साफ करून बसवणं हा पॅडच्या कामाचाच भाग आहे. ब्रेक ऑइलची नळी पॅड किंवा डिस्क बदलताना उघडावी लागत नाही, कॅलिपर बाजूला टांगून ठेवतात. ऑइल बदलण्याची मुदत झाली असेल तर ते वेगळं काम, त्यासाठी वेगळी विचारणा. आणि ७५० रुपयांच्या स्प्रेचा डबा किती वापरला, हे विचाराच. डिस्कच्या खोक्यावरचं एमआरपीचं लेबल मागा, त्याहून जास्त लावता येत नाही. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे तोच पार्ट नंबर सांगून एक कोटेशन घेतलंत तर भावाचा अंदाज येईल. सुट्या भागांवरचा जीएसटीही पाहा: २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे, बिलात २८ दिसला तर तिथेच बोट ठेवा.

गाडी सोडवायची कशी? पैसे भरून. दचकू नका. करार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे दबावाखाली दिलेला पैसा परत मागता येतो, आणि त्या कलमाखालचं उदाहरण तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. रेल्वे कंपनी माल अडवून बेकायदा आकार मागते, माणूस माल सुटावा म्हणून तो भरतो, आणि जेवढा आकार बेकायदा जास्त होता तेवढा त्याला परत मिळतो. हे १८७२ सालचं आहे. फक्त ‘खुशीने भरले’ असं दिसता कामा नये. बिलाच्या दोन्ही प्रतींवर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: “वाढीव रक्कम ८,८८० रुपये मला मान्य नाही. गाडी ताब्यात मिळावी म्हणून हरकत नोंदवून, सर्व हक्क राखून भरत आहे.” तारीख, वेळ. बिलावर लिहू दिलं नाही तर काउंटरवर उभ्या उभ्या तोच मजकूर ईमेल करा आणि मगच यूपीआयने पैसे भरा, रोख नको. ‘काम समाधानकारक’ अशा कागदावर सही करू नका. दोन दिवसांनी गोड आवाजात दहापैकी गुण मागणारा फोन येईल, त्यालाही हीच हरकत सांगा.

मग सेंटरला नोटीस, तिची प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला. एक पान पुरे, स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत. मागणी अशी बांधा: ३,५८० रुपये परत, डिस्कबाबत जुन्या भागांच्या मोजमापावर निर्णय, आणि कॉलचं रेकॉर्डिंग. सगळे ८,८८० सरसकट मागितलेत तर समोरचा कलम ७० काढून बसेल. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीच्या मुख्य कार्यालयातून डीलरला फोन गेला की पुष्कळदा ‘गुडविल’ नावाची सूट उगवते. सूट ३,५८० च्या आसपास असेल तर घ्या, असं माझं मत.

नाहीच जमलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर, वांद्रे पूर्व. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य. तक्रार ऑनलाइन भरता येते, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. कायदा म्हणतो, तीन महिन्यांत निकाल आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत. मुंबईत तारखा त्याहून लांबतात हे गृहीत धरा. वकील सक्तीचा नाही. स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतो, एवढ्या रकमेसाठी वकील करू नका, त्याची फीच जास्त होईल. मुंबई ग्राहक पंचायतीकडे मार्गदर्शन मिळतं, १९७५ पासून ही मंडळी हेच काम करत आहेत.

तक्रारीत शब्द जपून वापरा. जॉबकार्डच्या मागे बारीक अक्षरात ‘आवश्यक वाटेल ते जादा काम करण्यास संमती’ असं छापलेलं असणार. ते ‘अनुचित करार’ आहे असं लिहायचा मोह होईल. टाळा. अनुचित कराराच्या तक्रारी कायद्याने राज्य आयोगाकडे ठेवल्या आहेत, जिल्हा आयोगात समोरचा लगेच अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेईल. तुम्ही ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढ्यावरच राहा: अंदाज ७,६०० चा दिला, आकडा न सांगता काम वाढवलं, एका कामाची मजुरी दोनदा लावली.

गाडी आणायला शनिवारी सकाळी जा, संध्याकाळच्या गर्दीत बिलावर ओळ लिहायला कोणी जागा देणार नाही. जुन्या डिस्क बिडाच्या असतात, जड आणि काळ्या. कापडी पिशवी नेऊ नका, डिकीत आधी गोणपाट पसरा.