वारा थोडा मंदावला की वीज एवढी का घटते?

प्रश्न : साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर वारा जरासा कमी झाला, तरी पवनचक्कीची वीज एकदम का घटते? – एक वाचक, सातारा

उत्तर : वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ८ मीटरवर आला, तर वेग पाचव्या हिश्शानेच कमी होतो, पण ऊर्जा जेमतेम निम्मी उरते. साधारण ३ ते ४ मीटरखाली पाती रेंगाळत फिरताना दिसली, तरी वीज सहसा मिळत नाही. उलट १२ ते १५ मीटरच्या सुमारास जनित्र पूर्ण क्षमता गाठते. त्यापुढे पाती मुळाशी किंचित वळवून जादा वारा निसटू दिला जातो आणि वेग २५ मीटरच्या आसपास पोहोचल्यास यंत्र थांबवावेच लागते. सोसाट्याच्या वाऱ्यात निश्चल उभी दिसणारी पवनचक्की त्यामुळे बिघडलेलीच असेल, असे नाही.